फॉरमॅट मारू नका, थांबा!

अहो, तो सगळं लिहून ठेवतो! सगळं! कधी बंद पडला, किती वाजता पडला, पडण्याआधी शेवटचं काय बोलला, सगळं तारीखवार! आणि हे मला आत्ता कळतंय! इतकी वर्षं हा डबा माझ्या टेबलाखाली बसून स्वतःच्या आजारपणाची वही लिहीत होता आणि घरात एकालाही पत्ता नाही! मला एका जागी बसवत नाहीये. खरंच बसवत नाहीये. म्हणून तुम्हाला धरलंय. हातातलं काम ठेवा बाजूला, टॉर्च घ्या आणि या इकडे टेबलाखाली. जरा जपून, पायात वायरी आहेत.

आधीच सांगून ठेवते, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. मी बी. कॉम. जन्मभर हिशेब लिहिले आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासले. ट्रान्झिस्टर म्हणजे काय असं विचारलंत तर मी चहाचं विचारीन. पण वही दिसली की ती वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि इथे तर अख्खी खतावणी निघाली!

तर हा आमचा कॉम्प्युटर. 2009 सालचा, असेंबल केलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर टू जातीची चार जीबी रॅम. तेव्हा शेजारचे बघायला यायचे! आता त्याचं नाव काढलं की नातेवाईक हसतात. मुलगा फोनवर म्हणतो, “आई, टाकून दे तो डबा, मी लॅपटॉप पाठवतो.” पाठव की बाबा, मी नको कुठे म्हणते? पण चालतंय ते टाकायचं कसं? आता ‘चालतंय’ म्हणजे काय, तर मध्येच पडदा निळा होतो, त्यावर आडवं पडलेलं रडकं तोंड येतं आणि सगळं गेलं! कधी निळंसुद्धा नाही, नुसतं खटकन काळं! कधी सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो आणि मग मनात आलं तर सुरू होतो! आणि यावर सगळ्या जगाकडे औषध एकच. दुरुस्तीवाला येतो, “मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल.” भाचा येतो, “मावशी, व्हायरस असणार, फॉरमॅट मारूया.” मारलं. पुन्हा रडकं तोंड! माझं तर आता ठाम मत झालंय (नवीन ज्ञानावर ठाम मत फार पटकन होतं) की फॉरमॅट मारणं म्हणजे पाहुण्यांनी ‘येतो आता’ म्हणायची सभ्य पद्धत आहे.

बरं, आता तुम्ही करा. आत्ता, माझ्यासमोर. स्टार्टवर जा आणि इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असं येईल. दाबा. दिसलं? आलेख! 1 ते 10 गुणांचा आलेख! आपला कॉम्प्युटर रोजच्या रोज स्वतःला मार्क देतो हो! आणि ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवसाखाली लाल गोळ्यात पांढरी फुली! 2007 सालच्या व्हिस्टापासून ही सोय विंडोजमध्ये आहे. आमची रेघ दोन-तीनच्या आसपास सरपटत होती आणि खाली लाल फुल्यांची रांग! मला त्याची इतकी दया आली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी उठून उगाच घरभर एक फेरी मारून आले.

पण खरी वही पुढे आहे! स्टार्टवर उजवं क्लिक, ‘इव्हेंट व्ह्युअर’, मग ‘विंडोज लॉग्ज’, मग ‘सिस्टिम’. उघडलं की हजारो ओळी अंगावर येतात. पिवळे त्रिकोण, लाल गोळे, नुसता सुळसुळाट! घाबरू नका, धडधाकट कॉम्प्युटरातही ते असतात. आपल्याला दोनच नंबर हवेत, 41 आणि 6008. 41 म्हणतो, मागच्या वेळी मी नीट बंद न होताच पुन्हा उठलोय. बस, एवढंच. आणि त्याच्यावरची वेळ ही उठल्याची, पडल्याची नव्हे! पडल्याची वेळ 6008 मध्ये! आता मला सांगा, जो धाडकन पडला त्याला आपण किती वाजता पडलो हे कळलं कसं? या प्रश्नापायी माझी आमटी करपली! तर तो चालू असताना मधूनमधून ‘अजून आहे’ म्हणून वेळ टिपून ठेवतो आणि उठल्यावर शेवटची टिपलेली वेळ काढून बघतो! किती साधं! किती हुशार! आमच्या ऑफिसात हजेरीला ही पद्धत असती तर!

आणि मग मी त्या 41 च्या नोंदीत ‘डिटेल्स’ उघडलं, आणि मग तिथे ‘बगचेक कोड’ म्हणून एक आकडा दिसला, आणि मग मी दुसरी नोंद उघडली, तिथेही एक आकडा, आणि मग मी सरळ एक्सेल घेतलं, एका रकान्यात तारीख, एकात वेळ, एकात हा आकडा, आणि मग नवरा म्हणाला झोपायचं नाही का, आणि मग मी म्हटलं पाचच मिनिटं, आणि मग सगळं उतरवून झाल्यावर सॉर्ट मारलं, आणि काय सांगू! दोनच आकडे! वरपासून खालपर्यंत फक्त दोनच! 26 आणि 0!

26 म्हणजे काय? कॉम्प्युटरवाले सोळाच्या हिशेबात मोजतात, त्यात 26 लिहायचे 1ए असे (एक सोळा आणि वर दहा, मी बोटांवर मोजून बघितलं, बरोबर येतं!). आणि 1ए म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’! रडक्या तोंडाखाली बारीक अक्षरात हेच तर लिहिलेलं असायचं! आणि 0? 0 म्हणजे निळा पडदा नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. वीज तुटली, किंवा तापून आपणहून बंद झाला, किंवा गोठला आणि आपण बटण दाबून धरलं.

बघा हं, आता नीट बघा. एकाच वहीत दोन वेगळ्या तऱ्हेची मरणं! म्हणजे दुखणं एक नाहीच! अहो, म्हणून तर काहीच लागू पडत नव्हतं! जुन्या यंत्रात दुखणी जोडीनं राहतात, एक बरं केलं तरी दुसऱ्यामुळे तो पडतो आणि आपण म्हणतो, छे, यानं काही फरक नाही, आणि बरोबर असलेला उपायही सोडून देतो! मग आता पद्धत काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत बघायचं, कुठला आकडा यायचा थांबला. ताळेबंद जुळवताना मी दुसरं काय केलं आयुष्यभर?

आणि एक गंमत तर सांगायचीच राहिली! काही नोंदींवर तारीख होती 1 जानेवारी 2009! म्हणजे कॉम्प्युटर मधूनच लहान होत होता! अशा सकाळी बँकेची वेबसाइट उघडत नसे, ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ म्हणून दटावायची. बरोबरच आहे, वेबसाइटचं प्रमाणपत्र आजचं आणि आमचं घड्याळ 2009 मध्ये! आपली रात्री भिंतीवरचं बटण बंद करून झोपायची पद्धत ना, त्यामुळे रात्रभर घड्याळ चालवायचं काम मदरबोर्डवरच्या एका नाण्याएवढ्या सेलवर. तो संपला होता. सेलचं नाव सीआर2032, आणि त्या आकड्यात त्याचं मापच लिहिलंय! 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड! मी पट्टी लावून मोजलं. खरंच तेवढाच! कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, बसवला, 2009 संपलं.

आता 26 च्या मागे लागूया. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, हे मी दटावून सांगतेय, पुढे वाचायचं असेल तर आधी ते करा.

केलंत? या. मेमरी तपासायला एक फुकटचा प्रोग्राम मिळतो, मेमटेस्ट86+. मूळ मेमटेस्ट86 क्रिस ब्रेडी यांनी 1994 मध्ये लिहिला, हा त्याच्याच घराण्यातला. पेनड्राइव्हवर टाकायचा आणि कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू करायचा. विंडोज नाही, माउस नाही, काही नाही! हा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. आता चार जीबीत कप्पे किती? मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. 3435 कोटी 97 लाख 38 हजार 368! पुन्हा वाचा! आणि त्यातला प्रत्येक कप्पा म्हणजे विजेचा एक इवलासा साठा, आणि तो साठा गळतो, आणि म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा, सगळे 3435 कोटी, मी इथे बसून वाणसामानाची यादी टाइप करतेय तेव्हासुद्धा! आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या डोक्यातून ही रचना निघाली, 1968 मध्ये पेटंट मिळालं. माझ्या जन्माच्याही आधी! आणि आम्ही म्हणायचो, कॉम्प्युटर नुसता बसून आहे!

रात्री चाचणी लावली आणि झोपले. झोपले कसली! दर थोड्या वेळानं उठून बघत होते. आणि मग पहाटेच्या सुमाराला पडद्याच्या खालच्या भागात लाल ओळी! लाल! मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “चुका सापडल्या!” तो म्हणाला, “कुणाच्या?” आणि कूस बदलून झोपला. पण तुम्ही बघा ना या ओळी! इथे लिहिलंय काय लिहिलं होतं आणि इथे लिहिलंय काय वाचलं. लिहिले आठ ‘एफ’. वाचताना सात ‘एफ’ आणि शेवटी एक ‘बी’! पुढच्या ओळीत तेच! त्याच्या पुढच्या ओळीत तेच! पत्ता दर वेळी वेगळा, पण चूक तीच, त्याच जागी! ‘एफ’ म्हणजे चार एक, 1111. ‘बी’ म्हणजे 1011. एकच एक गळालाय! नेहमी तोच!

एका बिटानं काय होतं असं वाटतंय ना? ऐका तर मग! 2003 साली बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्सच्या स्खारबेक भागात मतमोजणीच्या यंत्रानं एका उमेदवाराला 4096 मतं जास्तीची दिली. मिळणं शक्यच नव्हतं इतकी, म्हणून पकडलं गेलं! फेरमोजणी केली, प्रोग्राम तपासला, काही सापडेना. पण 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात! एकच बिट आपणहून 0 चा 1 झाला होता! अंतराळातून आलेल्या एखाद्या कणानं तो उलटवला असावा असा अंदाज आहे, सिद्ध कुणी केलेलं नाही. मी ही गोष्ट भाजीवाल्यालासुद्धा सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून कोथिंबीर जास्त दिली.

आमच्याकडे मात्र अंतराळातून कुणी आलेलं नव्हतं. कारण अंतराळातला कण दर वेळी त्याच बिटावर कशाला येईल? हे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. काकांनी उमेदीत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आता सत्तरी ओलांडलीय, आणि मी जिन्यात गाठून त्यांना लाल ओळींचा फोटो दाखवला. “पत्ता वेगळा आणि चूक तीच ना? मग कप्पे खराब नाहीत. वाटेतली एक वायर नीट टेकत नाही. काढ आणि पूस.” कशानं पुसू? “खोडरबरानं.” मला वाटलं थट्टा करतायत. नाही हो! रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे चाप बाजूला करून उचलायची (आधी भिंतीवरचं बटण बंद, आणि हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावून मगच). खाली सोनेरी पट्ट्यांची रांग, एका बाजूला 120, दुसऱ्या बाजूला 120! त्या 240 पैकी एकीवर काळपट डाग! पुण्यातला पावसाळा, दमट हवा, इतकी वर्षं! शाळेतलं पांढरं खोडरबर घेतलं, हलक्या हातानं पुसलं. हलक्याच हातानं हं, वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासघास घासलं तर सोनंच जाईल. कीस ब्रशनं झाडला, पट्टी परत दाबली, दोन्ही चाप कट् कट् करून बसले. पुन्हा मेमटेस्ट. पुन्हा रात्रभर. सकाळी एकही लाल ओळ नाही! एकही नाही! शाळेच्या कंपासातल्या खोडरबरानं मेमरी दुरुस्त होते आणि हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत!

त्यानंतर वहीत 26 आलेला नाही. एकदाही नाही.

0 मात्र होताच. पण आता माझ्याकडे वेळेचा रकाना होता ना! सॉर्ट मारलं तर उन्हाळ्यातले शून्य दुपारी दोन ते पाचमध्ये! भर एप्रिल-मे! तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्राम टाकला, दुपारी प्रोसेसर नव्वदीच्या वर. कव्हर उघडलं. पंखा काढला आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा असा घट्ट थर होता की तो अखंड उचलून बाहेर आला! मी तो कागदावर ठेवून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. कुणी कौतुक केलं नाही. पण आत आणखी एक गंमत होती. प्रोसेसर आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये राखाडी लेप असतो, थर्मल पेस्ट. आमची वाळून तडे गेले होते. ती कशाला लागते? दोन गुळगुळीत धातू एकमेकांवर ठेवले तरी मध्ये अतिसूक्ष्म खळगे राहतात आणि खळग्यात हवा. उष्णता वाहून न्यायची ताकद मोजतात त्या मापात ॲल्युमिनियम दोनशेच्या वर आणि हवा 0.026! म्हणजे हजारो पटींनी नालायक! ती हवा हाकलायला पेस्ट. जुनी पुसून नवी थेंबभर लावली. पंख्याचे चार पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीनं दाबायचे असतात, आणि दाबताना बोर्ड वाकतो, अक्षरशः वाकतो, आणि आपल्या पोटात खड्डा पडतो, आणि मग कट् असा आवाज येतो आणि जीव भांड्यात पडतो! तापमान सरळ साठीच्या घरात आलं! दुपारचे शून्य गेले!

पण सकाळचे गेले नाहीत. पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो, ते चालूच. आणि थंडीत जास्त! आता तापण्याचं कारणच नव्हतं, मग? पुन्हा काका. या वेळी ते स्वतः वर आले, चष्मा कपाळावर चढवला, टॉर्च मागितला आणि मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांकडे बघून फक्त म्हणाले, “कंडेन्सर गेलेत.”

मी वाकून बघितलं. रांगेत सहा-सात नळकांडी. काहींचं डोकं सपाट. आणि तिघांचं पुरीसारखं टम्म फुगलेलं! मी हजारदा हे कव्हर उघडं पाहिलं असेल, पण टाळकी बघायची असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं! आणि टॉर्च तिरका धरलात तर आणखी एक दिसेल, प्रत्येक डोक्यावर मुद्दाम फुलीसारख्या चिरा पाडलेल्या आहेत. कशाला? आत ॲल्युमिनियमचे पत्रे असतात आणि द्रवात भिजवलेला कागद. वय झालं की आत वायू साठतो. तो साठून स्फोट व्हायच्या आधी डोकं त्या चिरांवरून सभ्यपणे फाटावं म्हणून! बनवणाऱ्यानं त्याच्या मरणाचीही सोय करून ठेवलीय! साधारण 1999 ते 2007 या काळात तर जगभरच्या असंख्य मदरबोर्डांत अशी नळकांडी फुगली होती. आतल्या द्रवाचं मिश्रणच चुकीचं होतं, आणि कुणीतरी अर्धवट कृती चोरली म्हणून तसं झालं अशी कथाही तेव्हा फिरली होती! कृती चोरायची तर पूर्ण चोरावी ना!

आमचा बोर्ड त्यानंतरचा, तेव्हा हे चोरीचं प्रकरण नव्हे. मग काय? काका म्हणाले, “वय झालं.” किती वय असतं यांचं? आणि इथे, मंडळी, इथे माझा हात पुन्हा कॅल्क्युलेटरकडे गेला. अशा नळकांड्यावर 105 अंश लिहिलेलं असतं, आणि त्या तापमानाला आयुष्य पुष्कळदा 2000 तासांचं धरतात. आणि ठोकताळा असा की दर 10 अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट! समजा आत 65 अंश. म्हणजे चाळीस अंशांनी कमी, चार वेळा दुप्पट, सोळा पट, 32,000 तास. रोज आठ तास कॉम्प्युटर चालू, तर 4000 दिवस. म्हणजे अकरा वर्षांच्या आत-बाहेर! 2009 मध्ये अकरा मिळवा! अहो, तो कधीच आपलं ठरलेलं आयुष्य जगून वर बोनसवर चालत होता! आणि थंडीत जास्त का? गार झालं की आतल्या द्रवाचा अडथळा वाढतो, म्हाताऱ्या नळकांड्याला सकाळी तेवढा धक्का झेपत नाही. पंखा फिरतो, वीज डगमगते, थांबतो, थोडं ऊबदार होतं, मग चालतो. सगळं जुळलं! एक पै इकडची तिकडे नाही!

आता नवी नळकांडी आणायची. तपकीर गल्ली माहीत आहे का? बुधवार पेठेतली? इतकी वर्षं पुण्यात राहून मी तिच्या तोंडावरून तुळशीबागेत गेले आणि आत कधी वळले नाही! दुकानाच्या दारापासून छतापर्यंत खोकी, त्यात दिवे, वायरी, स्विच, काय काय! मी रिक्षात पाठ केलं होतं. “सहा पॉइंट तीन व्होल्ट, हजार मायक्रो, एकशेपाच डिग्री, लो ईएसआर!” एका दमात म्हटलं. पोरानं मान वर केली. “काकू, कॉलेजच्या प्रोजेक्टला पाहिजे का मुलाच्या?” मी म्हटलं, “माझ्या मदरबोर्डला.” त्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही मिळाला नाही! त्यानंच सांगितलं, व्होल्ट जास्त चालतील, कमी चालणार नाहीत, आणि जाडी बघून घ्या, नाहीतर बसायचे नाहीत. सगळ्यांचे मिळून दोन कटिंग आणि एक वडापाव एवढे पैसे!

डाग देण्याचं काम काकांनी केलं, मी टॉर्च धरला. त्यांची जुनी पंचवीस वॅटची इस्त्री (सोल्डरिंगची हो, कपड्यांची नव्हे) चालेना, कारण मदरबोर्डच्या पोटात तांब्याचे मोठाले पत्रे असतात आणि ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. मग साठ वॅटची काढली. आधी फोटो घेऊन ठेवला, कारण या नळकांड्याला उलट-सुलट असतं, अंगावर पट्टा आहे ती बाजू निगेटिव्ह, आणि उलटं बसवलं तर त्या सभ्य चिरांचा उपयोग आपल्या डोळ्यांदेखत बघायला मिळतो. जुनं एक-एक ओढून काढलं. तिसऱ्याच्या बुडाशी तपकिरी ओल होती, मी वास घेतला. काका ओरडले. घेऊ नका तुम्ही.

आणि मग नवी बसली, आणि मग कव्हर न लावताच बटण दाबलं, आणि मग पंखा फिरला, आणि मग फिरतच राहिला! मी आणि काका दोघंही मुकाट त्याच्याकडे बघत बसलो आणि मग एकदमच हसायला लागलो! गेले कित्येक दिवस आलेखाची रेघ चढतेय. नऊच्या वर गेली! मी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघते. मुलाला फोटो पाठवला. त्यानं उलट आठवण करून दिली की विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय. माहितीये रे बाबा! बँकेचं काम मी याच्यावर करणार नाही, बास? भाचा लिनक्स टाकून देतो म्हणालाय. फॉरमॅट मारून! या वेळी मार म्हटलं, या वेळी कारण आहे.

उठू नका, उठू नका, संपलं नाही अजून! कव्हर उघडं असताना माझा हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला की बारीक झिणझिणायचं. मला वाटायचं माझंच काहीतरी, वयोमान. काकांनी खिशातला टेस्टर पत्र्याला लावला आणि टेस्टरमधला दिवा मिणमिणला! कॉम्प्युटर बंद करून नुसता प्लग ठेवला, तरी मिणमिणतोच! काका एकदम गंभीर झाले आणि मी एकदम उत्साहात. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी दोन छोटे कंडेन्सर असतात (पुन्हा कंडेन्सर! हे सगळीकडे आहेत हो!), विजेतली खरखर पत्र्यातून जमिनीत सोडून द्यायला. आता जमिनीत जायची वाटच नसेल तर? मग पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो, 230 च्या निम्म्यावर, एकशेपंधरा व्होल्टच्या आसपास! करंट अगदी नगण्य, म्हणून नुसतं झिणझिणतं, पण आत खरंच काही तुटलं तर हीच वाट आपला जीव वाचवणारी. (आणि एसएमपीएसचा डबा मात्र तुम्ही उघडायचा नाही, मीही नाही. आत सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात, प्लग काढल्यावरही थोडा वेळ.)

मग वाट नाही म्हणजे काय? मेन स्विच बंद केला, काकांनी भिंतीवरच्या प्लगच्या पाटीचे दोन स्क्रू सोडवले, पाटी पुढे ओढली. टॉर्च मारा. इकडे, वरच्या मोठ्या भोकामागे. दिसली वायर? नाही ना? नाहीच आहे! इमारत बांधली तेव्हापासून तिथे नुसतं भोक आहे! दिसायला तीन भोकं, आत वायरी दोन! आणि मग आम्ही दिवाणखान्यातली पाटी उघडली, तिथेही तेच, आणि मग स्वयंपाकघरातली, तिथे आहे, आणि मग काकांना त्यांच्या घरची आठवण झाली आणि ते जिना उतरून धावलेच!

वायरमन उद्या दहाला येतोय. येताना तुमचा टेस्टर घेऊन या.